पोलादी तुळई आणि तिचीं भोंकें

सोलापुरी चादर ज्या घरांत नाहीं असें मराठी घर क्वचितच आढळेल. तिच्यावरील वेलबुट्टी विणकर कांहीं धागा धागा मोजून उठवीत नाहीं. मागाच्या माथ्यावर जॅकार्ड नांवाचें एक साधन बसवितात, व त्यांतून भोंकें पाडलेल्या जाड पुठ्ठ्यांची माळ फिरत ठेवितात. पुठ्ठ्यास जेथें भोंक असेल तेथील ताण्याचा धागा उचलला जातो, जेथें नसेल तेथील खालीं राहतो. आणि अशा रीतीनें कोणाच्या तरी मनांतील नक्षी पुठ्ठ्याच्या द्वारें कापडांत उतरते. फ्रान्स देशांतील लिआँ शहरच्या जोसेफ मारी जॅकार्ड यानें ही युक्ति १८०४ च्या सुमारास पूर्णतेस नेली. येथवरची हकीकत आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. परंतु हीच पुठ्ठ्यांची माळ पुढें चाळीसएक वर्षांनीं एका लोखंडी पुलाच्या कामीं आली, आणि आज जीं प्रचंड यंत्रें पोलादी तुळया आपोआप कापतात व भोंकतात त्यांची कुळकथा तेथूनच सुरू होते, हें मात्र फारसें कोणाच्या ऐकण्यांत नसावें.

ग्रेट ब्रिटनच्या पश्चिमेस वेल्स प्रांतांत कॉन्वे नदी समुद्रास मिळते. तिच्यावरून आगगाडी नेण्यासाठीं रॉबर्ट स्टीफन्सन या इंजिनियरानें घडीव लोखंडाच्या पत्र्यांची चारशें फुटांहून अधिक लांब अशी चौकोनी नळीच उभारण्याचें ठरविलें. गाडी पुलावरून जावयाची नसून पुलाच्या पोटांतून जावयाची होती! पत्र्यास पत्रा जोडावयाचा तो रिव्हेटांनीं. आणि रिव्हेट म्हटला कीं दोन्ही पत्र्यांत समोरासमोर भोंक हवें. भोंकें अगणित, आणि कामगारांनीं तर संप पुकारलेला. तेव्हां ठेकेदार विल्यम इव्हान्स यानें मँचेस्टरच्या रिचर्ड रॉबर्ट्स या यंत्रकारास गांठलें. रॉबर्ट्सनें पूर्वी सूत कातण्याचें स्वयंचलित यंत्र काढलें होतें, तेंहि कातणाऱ्यांच्या संपांना कंटाळलेल्या गिरणीमालकांच्या सांगण्यावरून. त्याला कापडाच्या धंद्यांतील जॅकार्डची आठवण झाली. १८४७ सालीं त्यानें भोंकें पाडण्याचें एक यंत्र बनविलें. त्यांत ओळीनें ठोंसे बसविलेले असत. पत्रा खालून एकेक पाऊल पुढें सरके, आणि कोणता ठोंसा पडावयाचा व कोणता थांबावयाचा हें पुठ्ठ्यांची माळ ठरवी. १८४८ त पुलाच्या पहिल्या नळींतून गाडी गेली. पुढें १८९९ त नळ्यांना नदींत जादा खांबांचे टेकू देण्यांत आले. परंतु आजहि त्यांतून आगगाड्या जातात. ज्यानें हें यंत्र दिलें त्या रॉबर्ट्सच्या वांट्यास उतारवयांत दारिद्र्य आलें, व १८६४ त तो तशाच स्थितींत वारला. कल्पक माणसें पैशाच्या बाबतींत कच्चीं असतात, हा अनुभव सर्वच देशांत सारखा दिसतो.

आतां एका भोंकाचें एवढें कौतुक कशासाठीं, असा प्रश्न कोणी विचारील. पूल, गिरणीचें छप्पर, बहुमजली इमारतीचा सांगाडा यांतील पोलाद कितीहि जाड असलें तरी ओझें एका तुळईवरून दुसरीवर जावयाचें तें सांध्यांतून. आणि बोल्टाचा सांधा म्हणजे अखेर कांहीं भोंकें व त्यांतून गेलेले बोल्ट. भोंक वेडेंवांकडें असेल तर दहा बोल्टांनीं वांटून घ्यावयाचा भार दोघांतिघांच्याच डोक्यावर येतो. याचें एक भीषण उदाहरण स्कॉटलंडमध्यें घडलें. तेथील टे नदीवरील पुलाचा मधला भाग २८ डिसेंबर १८७९ च्या रात्रीं वादळांत गाडीसकट कोसळला, व गाडींतील एकहि मनुष्य वांचला नाहीं. वाऱ्याचा जोर नीट हिशेबांत न धरणें, ओतकामांतील हयगय, देखरेखीची उणीव अशीं कारणें अनेक होतीं. परंतु चौकशींत एक गोष्ट अशी निघाली कीं, खांबांना तिरप्या पट्ट्यांनीं जखडणारे जे बोल्ट होते त्यांचीं भोंकें छिद्रयंत्रानें पाडलेलींच नव्हतीं. तीं बिडाच्या ओतकामांतच ठेवलेलीं होतीं. सांच्यांतून सुटावें म्हणून अशा भोंकाचें एक तोंड रुंद व दुसरें अरुंद ठेवितात. त्यामुळें बोल्ट सबंध भोंकावर न टेकतां एका धारदार कडेवरच टेकला होता.

त्यानंतर त्याच देशांत फोर्थच्या खाडीवर जो पूल १८९० त पुरा झाला, त्याचे इंजिनियर फाउलर व बेकर आणि ठेकेदार विल्यम अॅरोल हे भोंकांच्या बाबतींत अतिशय कडक राहिले. त्या पुलाचे बारा फूट व्यासाचे जे नळे आहेत, त्यांचे पत्रे जसे बसावयाचे तसे आधीं कारखान्यांत मांडून, मग नळ्याभोंवतीं फिरणाऱ्या खास यंत्रांनीं ते एकदम आरपार भोंकण्यांत आले. ठोंशानें भोंक पाडणें स्वस्त व झटपट होतें, तरी त्यांनीं तें टाळलें. कारण समजावयास आमच्या भगिनींना घरांतलें उदाहरण पुरेल. थंड झालेल्या चिक्कीवर वाटीची कड जोरानें दाबून गोल पाडून पाहावा. गोल पडतो खरा, पण कडेस बारीक तडे जातात. पोलादाचेंहि तसेंच आहे. ठोंसा धातु तोडतो, ड्रिल ती खरवडून काढतें. तुटलेली कड कठीण व ठिसूळ होते, आणि सतत हादरे बसणाऱ्या पुलांत अशा कडेपासून भेग चालूं लागते.

ड्रिल आलें तरी भोंक कोठें पाडावयाचें हें शेंकडों वर्षें मनुष्यच ठरवीत आला. कारखान्यांत या कामाच्या माणसास मार्किंगचा मिस्त्री म्हणतात. नकाशा वाचावयाचा, तुळईवर खडूची पूड लावलेलें सूत ताणून रेघ उमटवावयाची, टेपानें अंतरें घ्यावयाचीं, आणि टोंकदार पंचाचा हलका घाव घालून भोंकाचा मध्य कायम करावयाचा. संस्कृतांत वास्तु उभारणाऱ्यास सूत्रधार म्हणत. हातीं सूत धरतो तो सूत्रधार. आमच्या सुताराच्या नांवांतहि तेंच सूत आहे. यज्ञवेदीच्या विटा मांडण्याचें आमचें जुनें भूमितिशास्त्र शुल्बसूत्रांत आहे, व शुल्ब म्हणजे दोरीच. नाटकांतला सूत्रधार आम्हीं विद्यार्थ्यांस वर्षानुवर्षें शिकविला. खडूच्या सुतावर वांकलेला खरा सूत्रधार मात्र कारखान्याच्या दाराबाहेर कोणी पाहिला नाहीं.

या कामांत चूक शिरते ती हळूहळू. समजा दहा भोंकें एका ओळींत आहेत, आणि मिस्त्री प्रत्येक अंतर मागच्या भोंकापासून मोजतो आहे. दर वेळीं अर्धा मिलिमीटर जरी एकाच बाजूस गेला तरी दहाव्या भोंकापाशीं जवळजवळ पांच मिलिमीटरांची तफावत होते. आतां २० मिलिमीटर जाडीच्या बोल्टास भोंक २२ मिलिमीटरांचें ठेवितात. म्हणजे मोकळीक अवघी दोन मिलिमीटरांची! जाणता मिस्त्री म्हणून सर्व मापें एकाच टोंकापासून घेतो. परंतु दुपारची वेळ, टिनाच्या छपराखालचा उकाडा आणि ठेकेदाराची घाई असली कीं जाणत्याचाहि हात चळतो.

मग न जुळलेल्या भोंकाचें काय होतें? हें आम्हीं आमच्या नोकरीच्या काळांत प्रत्यक्ष पाहिलें आहे. ज्या शाळेंत आम्ही होतों तेथें मुलांच्या कवाईतीसाठीं पोलादी कैंच्यांचें छप्पर घालण्याचें काम चाललें होतें. एका कैंचीचीं भोंकें खांबाच्या भोंकांशीं अर्ध्या बोटानें चुकलीं. ठेकेदाराच्या माणसानें शांतपणें गॅसची ज्योत पेटविली व भोंक जाळून लांबट केलें. आम्हीं हटकलें तेव्हां म्हणाला, “गुरुजी, वर वायसर येणार, नट आवळणार, मग कोणाला दिसतंय?” सुदैवानें त्या दिवशीं शाळा-समितीचे एक निवृत्त इंजिनियर सभासद तेथें आले. त्यांनीं तीं जोडपट्ट्यांचीं सर्व कामें नामंजूर केलीं. काम पावसाळ्यापलीकडे लांबलें, मुलांचे वर्ग ओसरींत भरले, आणि पालकांचीं बोलणीं मुख्याध्यापकांस खावीं लागलीं. जाळलेल्या भोंकाची कड खडबडीत व कडक होते, बोल्ट त्यांत नीट टेकत नाहीं व सांधा सरकतो, एवढें त्या गृहस्थांनीं आम्हांस त्या वेळीं समजावून दिलें. त्या छपराखालीं चारशें मुलें उभीं राहणार होतीं.

भोंकाचें स्थान माणसाच्या हातून काढून आंकड्यांच्या स्वाधीन करण्याची कल्पना पुलांच्या धंद्यांतून नव्हे, विमानांच्या धंद्यांतून पुन्हा वर आली. अमेरिकेंत मिशिगन प्रांतीं जॉन पार्सन्स हा गृहस्थ हेलिकॉप्टरचीं पातीं बनवी. पात्याचा वक्र अचूक यावा म्हणून त्यानें वक्रावरील अनेक बिंदूंचीं स्थानें हिशेबयंत्राकडून भोंकांच्या कार्डांच्या साह्यानें काढून घेतलीं. त्या प्रयत्नाचें पर्यवसान असें झालें कीं, १९५२ सालीं मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठांत भोंकें पाडलेल्या कागदी फितीच्या हुकमानें चालणारें कापण्याचें यंत्र लोकांस दाखविण्यांत आलें. कागदावरचें भोंक धातूस आकार देतें, हीच गोष्ट रॉबर्ट्सनें एकशें पांच वर्षें आधीं केली होती. पुढें फीत गेली, संगणक आला, आणि तीं यंत्रें हळूहळू गर्डरांच्या कारखान्यांतहि शिरलीं. आज इटली, हॉलंड, जर्मनी, अमेरिका या देशांतील कंपन्या केवळ तुळया कापण्या-भोंकण्याचीं यंत्रें बनवितात व तीं आपल्याकडेहि येतात.

असें एक यंत्र आम्हांस गेल्या हिवाळ्यांत पाहावयास मिळालें. आमचा पुतण्या पुण्याबाहेरच्या एका कारखान्यांत नकाशे-विभागाकडे आहे. “काका, एकदां येऊन तर पाहा,” असें तो दोन वर्षें म्हणत होता. कारखाना म्हणजे धूर व घणाचे आवाज अशी आमची समजूत होती. येथें आवाज होता, पण माणसें थोडीं. एका बाजूस रोलरांच्या लांबच लांब रांगेवर बारा मीटरांची एक तुळई पडली होती. ही तुळई इंग्रजी ‘आय’ अक्षराच्या आकाराची असते. वरखालीं दोन आडव्या पट्ट्या, त्यांस फ्लँज म्हणतात, व मध्यें उभा पत्रा, त्यास वेब. चालकानें पडद्यावर तुळईचा नंबर पाहिला, एक कळ दाबली, आणि तो बाजूस झाला. एका चिमट्यानें तुळईचें शेंपूट धरून ती पुढें ढकलली. तुळई यंत्राच्या चौकटींत गेली, बाजूच्या दाबांनीं ती जखडली, आणि तीन बाजूंनीं तीन ड्रिलें एकदम आलीं. दोन फ्लँजांस, एक वेबला. ड्रिलांच्या पोटांतूनच हवा व तेलाचा तुषार सुटत होता. सरळ कुरळ्या चकत्यांचा ढीग खालीं पडला, आणि आम्ही चष्मा नीट करीपर्यंत सहा भोंकें पडून गेलींहि!

वेग पाहून आम्ही थक्क झालों हें खरें. परंतु आम्हांस अधिक मोलाची वाटली ती त्याआधींची एक बारीक हालचाल. ड्रिल टेकण्यापूर्वी यंत्रानें तुळईस जणूं चांचपून पाहिलें. पुतण्यानें कारण सांगितलें. गिरणींतून लाटून आलेली तुळई नकाशांतल्यासारखी कधींच नसते. वेब मध्यापासून किंचित् सरकलेला असतो, फ्लँज जरा कललेला असतो, सबंध तुळईस थोडा बांक किंवा पीळ असतो. म्हणून यंत्र आधीं ही विशिष्ट तुळई प्रत्यक्षांत कोठें आहे तें स्पर्शानें वा प्रकाशकिरणानें मोजतें, आणि नकाशांतल्या आंकड्यांस तिच्याशीं जुळवून घेतें. चांगला मिस्त्री हेंच डोळ्यांनीं करीत असे. उष्णतेनेंहि पोलाद वाढतें. बारा मीटरांची तुळई तीस अंशांनीं तापली तर सुमारें चार मिलिमीटर लांब होते. पहाटे मोजलेली व भर उन्हांत मोजलेली तुळई एक नव्हे, हें विज्ञानाच्या वर्गांत आम्हीं फळ्यावर लिहीत असूं. येथें त्यावर बोल्ट बसणें न बसणें अवलंबून होतें.

यंत्रास हे आंकडे कोण देतो? पूर्वी प्रत्येक तुळईचा कागदी नकाशा निघे. आतां सबंध इमारत आधीं संगणकांत उभी करतात, तुळई तुळईस भिडवून, बोल्टासुद्धां. आणि मग प्रत्येक नगाचें सूचनापत्र त्यांतून आपोआप निघतें. या सूचनापत्राची मांडणी जर्मनींतील पोलाद-बांधकाम करणाऱ्यांच्या संघानें ठरविलेली असून निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांस ती समजते. पुतण्या त्यास ‘प्रोग्रॅम’ म्हणाला. आम्हांस ‘सूत्र’ हाच शब्द आठवला. थोडक्या अक्षरांत पुष्कळ सांगणारें तें सूत्र.

कापण्याचें काम पलीकडे चाललें होतें. सरळ काप पट्टीच्या करवतीनें होतो. त्यांत पाहण्यासारखें विशेष नाहीं. परंतु तुळईच्या टोंकास खांच पाडावयाची असते, कारण एक तुळई दुसरीच्या पोटांत शिरून बसावयाची असते. ती खांच एक यांत्रिक हात ज्योतीनें कापीत होता. गॅसच्या ज्योतीनें लोखंड वितळतें अशी सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक ज्योत तें लाल करते एवढेंच. मग वरून शुद्ध प्राणवायूचा झोत सोडला कीं लोखंड जळूं लागतें, आणि त्याची राख झोताबरोबर उडून जाते. दुसरी तऱ्हा प्लाझ्माची, अमेरिकेंत १९५० नंतरच्या दशकांत निघालेली. तींत विजेची ठिणगी बारीक तोटींतून वायूबरोबर दाबून बाहेर काढतात. ती इतकी प्रखर असते कीं धातु क्षणांत वितळून वाहून जातो. हातानें कापलेल्या खांचेचा आंतला कोपरा पुष्कळदां काटकोनी व दांतेरी राही, व ताणाची भेग नेमकी अशा कोपऱ्यांतून निघते. यांत्रिक हात तो कोपरा प्रत्येक वेळीं गोल वळवून घेतो. त्याला कंटाळा येत नाहीं.

माणसांचें काय, हा प्रश्न आम्हीं जेवणाच्या सुटींत विचारला. पूर्वी या कामावर मार्किंगचे आठ लोक असत, असें कळलें. आतां चालक एक, आणि जुन्यांपैकीं एकटे मिस्त्री उरले आहेत. दोघे वेल्डिंग शिकले, एक उभारणीच्या कामावर परगांवीं गेला. बाकीच्यांचें विचारतां पुतण्या गप्प राहिला. यंत्रामुळें अखेरीस सर्वांचें भलेंच होतें असें सांगणारे विद्वान् पुष्कळ भेटतात; त्यांनीं त्या बाकीच्यांच्या घरीं एकदां जाऊन यावें. रॉबर्ट्सच्या यंत्राचा जन्मच संप मोडण्यासाठीं झाला होता, हें विसरून चालणार नाहीं. मात्र यंत्र नसावें असेंहि आमचें मत नाहीं. जाळून लांबविलेलें भोंक आम्हीं पाहिलें आहे. माणसाच्या रोजीचा प्रश्न मालकानें व सरकारनें सोडवावा; तो वांकड्या भोंकांनीं सुटत नाहीं.

आणि यंत्राचें खरें महत्त्व आमच्या मतें वेगांत नाहींच. तें कशांत आहे हें समजण्यासाठीं कॅनडांतील क्वेबेकच्या पुलाची हकीकत पाहावी. सेंट लॉरेन्स नदीवर हा पूल उभा राहत असतां १९०७ च्या उन्हाळ्यांत कामगारांस दिसूं लागलें कीं, कारखान्यांत पाडून आलेलीं कांहीं भोंकें एकमेकांसमोर येत नाहींत, आणि दाबाखालच्या पत्र्यांस बांक दिसतो आहे. पत्रव्यवहार सुरू झाला. हे पत्रे आधींपासूनच वांकलेले असावेत, असें कारखानदारांकडून सांगण्यांत आलें. खरी गोष्ट अशी होती कीं, पुलाचा गाळा १६०० फुटांचा १८०० फूट करतांना पुलाचें स्वतःचें वाढलेलें वजन पुन्हा नीट हिशेबांत घेतलें नव्हतें, व पोलाद त्या ओझ्याखालीं दबत चाललें होतें. देखरेखीचा तरुण इंजिनियर न्यूयॉर्कला धांवला. तेथून थिओडोर कूपर यांनीं अधिक ओझें घालूं नये अशी तार कारखानदारांस केली. ती पुलापाशीं वेळेवर पोंचली नाहीं. २९ ऑगस्टच्या संध्याकाळीं पूल पडला व ७५ माणसें मेलीं. न जुळणारीं भोंकें ओरडून सांगत होतीं; परंतु भोंकें तशीं नेहमींच थोडीं चुकतात, अशी संवय असली म्हणजे त्यांचें कोण ऐकतो? यंत्रानें पाडलेलें भोंक चुकत नाहीं अशी खात्री असली, तरच न जुळणारें भोंक दिसतांच माणूस ज्योत बाजूस ठेवून विचार करूं लागतो.

तो उरलेला मिस्त्री आम्हांस भेटला. वय साठीच्या जवळ, कमरेस टेप, कानावर खडूचा तुकडा. त्याचें काम आतां एकच: प्रत्येक प्रकारच्या पहिल्या नगाचीं मापें हातानें घेऊन कागदाशीं ताडून पाहणें, आणि त्याची सही झाल्यावांचून दुसरा नग यंत्रावर चढत नाहीं. आम्ही गेलों त्या दिवशीं त्यानें एक तुळई बाजूस काढून तिच्यावर खडूनें मोठी फुली मारली होती. यंत्रानें सांगितल्याप्रमाणें तिचीं भोंकें अगदीं बरोबर पाडलीं होतीं. परंतु सूचनापत्रांतच डावें टोंक उजवें झालें होतें. तें पत्र पुतण्याच्याच विभागांतून आलेलें. “गुरुजी, यंत्राला डावा-उजवा हात नसतो,” मिस्त्री हंसून म्हणाला. तशा अकरा तुळया अजून कोऱ्या होत्या. त्या रोलरांवर ओळीनें थांबल्या होत्या, व पुतण्या सुधारलेलें पत्र आणावयास माडीवर गेला होता.